वाटाड्याची शेवटची पायरी

भाऊजी: बुटांचे अकरा प्रकार, वहिनी! अकरा! आपण माणसाला गोष्टीत बोलावतोय की बुटांच्या दुकानात?

वहिनी: बुटांवरून माणूस कळतो.

भाऊजी: बूट विकणाऱ्याला कळत असेल. काल मुद्दाम माझ्या मावससासूबाईंना बसवलं. त्यांनी जन्मात असला खेळ खेळलेला नाही. मी म्हटलं, मावशी, सोपं आहे. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं. एकजण सूत्रधार, तो गोष्ट पुढे नेतो. आपलं पात्र काय करतं ते आपण बोलून सांगायचं, अडलं तर फासे टाकायचे. आधी पेशा निवडा. त्यांनी वैद्य निवडला. दोन प्रश्नांची उत्तरं दिली, आणि चहा यायच्या आत त्या एका जखमी लांडग्याला पट्टी बांधत होत्या.

वहिनी: छान की मग.

भाऊजी: मग म्हणाल्या, आता तो वाटाड्या करून बघते. चहा आला, गार झाला, परत गरम केला, परत गार झाला. मावशी अजून ‘वाऱ्याची भीती की पाण्याची’ ह्याच पानावर. शेवटी म्हणतात, जावईबापू, माझं लग्नसुद्धा ह्यापेक्षा लवकर ठरलं होतं.

वहिनी: मावशींनी वैद्यच खेळावा. वाटाड्या ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी आहे. भाऊजी, बाकीचे पाच पेशे तुम्ही म्हणालात तसे सुटसुटीत केले. योद्ध्याची सगळी हत्यारं कापली, मी ब्र काढला नाही. एक वाटाड्या राहू दे माझा.

भाऊजी: तो एक वाटाड्याच खेळाच्या पुस्तकाची निम्मी पानं खातोय. नाकापेक्षा मोती जड. आणि छापखान्याला आज दुपारी पानं गेली नाहीत तर मशीन दुसऱ्याच्या कामाला लागेल. मग प्रदर्शनाला आपण काय मांडणार, रिकामं टेबल?

वहिनी: मग पाठवा. आहे तसं पाठवा.

भाऊजी: आहे तसं नाही पाठवणार मी.

वहिनी: का? तुम्ही म्हणता त्या तीन प्रश्नांत माणूस मावतो का? काय सोबत नेतो, कशाला भितो, कुणाला मागे सोडून आला. झाला वाटाड्या? असे सगळे वाटाडे एका साच्यातून काढल्यासारखे निघतील.

भाऊजी: उलटं झालंय, वहिनी. तेच सांगायला सकाळपासून घुटमळतोय मी. दादाच्या जुन्या आवृत्तीत तेवढे तीनच प्रश्न होते. तेव्हा कसले कसले वाटाडे झाले, आठवा. एक बहिरा होता, बकऱ्यांच्या मागे चालणारा. एक बाई होती, रस्ता चुकली की गाणं म्हणायची. आपला पोहायला शिकवणारा कोच तर चोरटा माल नेणारा झाला होता, आणि त्याला डोंगराचीच भीती! तीन प्रश्नांच्या मधे मोकळी जागा होती ना, ती प्रत्येकाने स्वतःची भरली. आता तुम्ही जागाच ठेवली नाही. साठ-सत्तर पर्याय दिलेत. आणि सगळ्या टेबलांवर एकच माणूस तयार होतोय.

वहिनी: एकच म्हणजे?

भाऊजी: एकच म्हणजे कोण, ते तुम्हाला माहीत आहे.

वहिनी: ... मी लिहीत होते तेव्हा डोळ्यांसमोर ते होते. नवरा होता माझा, आणि वाटाड्या मूळचा त्यांचाच. त्यांचं थोडं उतरलं असेल पर्यायांत. साहजिक आहे.

भाऊजी: तेवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. दादा परत भेटतोय म्हणून आनंदच झाला असता, खोटं कशाला सांगू. पण कोचच्या टेबलावर काय झालं माहितीये? त्याचा वाटाड्या एका घरात शिरला. सूत्रधाराने विचारलं, काय करतोस? हा म्हणाला, चपला काढतो, आणि उजवीवर डावी ठेवतो.

वहिनी: ठेवली असेल.

भाऊजी: चपलेवर चप्पल कोण ठेवायचं आपल्या घरात? आई ओरडून ओरडून थकली. ते पानात कुठे आहे? मी पान न् पान चाळलं. बूट अकरा आहेत, पण काढून कसे ठेवतो, ते एका शब्दाने नाही. कोचने दादाला कधी बघितलेलंसुद्धा नाही, वहिनी. तो आपल्याकडे आला तो दादा गेल्यावर, जुनी पानं अजून चालू होती तेव्हा.

वहिनी: योगायोग.

भाऊजी: मीही तेच म्हटलं. मग वसतिगृहातल्या पोरींच्या टेबलावर वाटाड्याने नकार द्यायच्या आधी दोनदा टेबल वाजवलं, अगदी दादासारखं. मी म्हटलं, बरं, हाही योगायोग. पण मग रात्री दिवा मालवायला हात जाईना माझा. माझा, वहिनी. ज्याला तुम्ही ढोरासारखा झोपतो म्हणता.

चष्मेवाला: येऊ का आत? जिना फारच अरुंद हो तुमचा. तुमच्या खेळाची ही पेटी घेऊन वर यायचं म्हणजे उंटाने सुईच्या... असो. नमस्कार, नमस्कार.

भाऊजी: या, या. वहिनी, हे चष्म्याच्या दुकानवाले. दर रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत आपला खेळ चाचणीसाठी खेळतात, तेच हे.

चष्मेवाला: अहो, ओळख कसली करून देताय? मॅडम तर दर रविवारी असतातच.

भाऊजी: कुठे असतात?

चष्मेवाला: माझ्याकडे. त्या कोपऱ्यात, डोळे तपासायच्या उंच खुर्चीवर. नोंदी घ्यायला येतात ना. खरं सांगू का, नोंदी घेताना मी कधी बघितलं नाही. नुसत्या ऐकत असतात. चहा विचारला तरी नको म्हणतात.

भाऊजी: वहिनी, रविवारी तुम्ही बहिणीकडे जाता ना?

वहिनी: पेटी ठेवा तिथे. आभारी आहे. अभिप्राय लिहून पाठवलात तरी चालेल, तुमची दुकान उघडायची वेळ झाली असेल.

चष्मेवाला: झालीये, पण लिहून सांगण्यासारखं नाही हो ते. तोंडानेच सांगायला आलोय. मॅडम, रागावू नका. तुमचा खेळ एक नंबर आहे. वैद्य तर फारच गोड. पण तो वाटाड्या म्हणजे भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झालीये आमची. मी आता तो नाही चालवणार.

भाऊजी: पर्याय फार होतात ना?

चष्मेवाला: आमच्या धंद्यातलं सांगतो, बरं का. मी गिऱ्हाइकाला एका वेळी दोनच भिंगं दाखवतो. हे बरं की ते? ते बरं? मग हे की हे? दोनात माणूस खरं बोलतो. सुरुवातीला हौसेने मी दहा-दहा दाखवायचो. मग लक्षात आलं, एवढी भिंगं बदलली की त्याचे डोळे त्याचे राहत नाहीत. मी म्हणेन ते त्याला दिसायला लागतं. तुमच्या वाटाड्याचं तसंच होतंय. फक्त तिथे ‘मी म्हणेन ते’ कोण म्हणतंय, तेवढं मला कळत नाही.

वहिनी: म्हणजे काय?

चष्मेवाला: मॅडम, तुम्ही होतात की रविवारी. सांगू का?

भाऊजी: सांगा. मला सांगा. मी नव्हतो.

चष्मेवाला: आमच्या गटात दातांची डॉक्टरीणबाई आहे. फार हसरी, बत्तिशी दाखवल्याशिवाय बोलत नाही. वाटाड्या तीच खेळते. आधी मजा यायची. तो वाटाड्या सगळ्यांची चौकशी करायचा, खिंड चढून झाली की एकेकाला विचारायचा, पाणी प्यायलात का? पाणी प्यायलात का? आम्हाला सवयच लागली. हल्ली तो हसत नाही. लंगडतो. थंडी वाजते म्हणतो. बाई म्हणते, मी ठरवत नाही हो हे, तोंडातून येतं.

भाऊजी: आणि रविवारी?

चष्मेवाला: रविवारी गोष्ट संपत आली होती. डोंगरापलीकडचं मुक्कामाचं घर आलं, आत शेकोटी, सगळे आत शिरले. वाटाड्या दारात. मी सूत्रधार, मी म्हटलं, ये की बाबा, तूही ये. बाईने तोंड उघडलं, ‘मी आत जातो’ म्हणायला. मला दिसत होतं ना तिच्या चेहऱ्यावर. आणि म्हणाली काय, ‘मी पुढची खिंड निवडतो.’ कारण तुमच्या पानात तसंच आहे. प्रत्येक पायरीनंतर नवी निवड, तिच्यानंतर आणखी नवी. संपतच नाही ते. मी म्हटलं, जाऊ दे पान, ये आत. ती परत म्हणाली, पुढची खिंड. तिसऱ्यांदा म्हणाली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. हात बर्फासारखे. मी हात धरला तिचा, म्हणून सांगतोय.

भाऊजी: अरे देवा.

चष्मेवाला: मग त्या हसऱ्या बाईने मान खाली घातली आणि एकदम जड, घोगऱ्या आवाजात म्हणाली, ‘दीडशहाणे, सगळे पोचले. आता तरी बोल काहीतरी.’ टेबलावर आम्ही पाचजण, त्यात दीडशहाणे कोण? मी वळून बघितलं तर मॅडम खुर्चीवरून उतरून निघून जात होत्या. पर्स तिथेच राहिली होती. ती पेटीत ठेवलीये, बरं का.

भाऊजी: वहिनी?

चष्मेवाला: विचारू नये, पण विचारतो. हा माणूस कुणी खरा आहे का?

वहिनी: होता.

चष्मेवाला: माफ करा. माफ करा हं. मला वाटलंच. मॅडम, एक सांगू? तो वाईट नाही. टेबलावर कुणालाच तो वाईट वाटला नाही. पण फार दमलाय हो. मी निघतो. जिना एकट्याने उतरायला बरा आहे.

भाऊजी: ... दीडशहाणे?

वहिनी: मी काही म्हणाले की म्हणायचे. मी त्यांच्या नियमांत चूक काढली की, विशेषतः.

भाऊजी: मी कधी ऐकलं नाही.

वहिनी: कुणीच नाही. चारचौघांत कधी म्हणाले नाहीत. घरात, दार लावल्यावर. पानात नाही ते, भाऊजी. पानात मी ते कसं लिहीन? ते माझं होतं.

भाऊजी: म्हणजे तुम्हाला कधीपासून माहीत होतं!

वहिनी: पहिल्या चाचणीपासून. मी नुसती बसले होते आणि ती दातांची बाई तिच्या शेजाऱ्याला म्हणाली, पाणी प्यायलास का. ज्या चालीवर ते म्हणायचे त्याच चालीवर. मी घरी आले आणि आणखी चार पर्याय लिहिले. पुढच्या रविवारी ते आणखी थोडे आले. मग मी आणखी लिहिले. बूट लिहिले, चालणं लिहिलं, कशाने हसतात ते लिहिलं. जेवढे पर्याय लिहावेत तेवढे ते जवळ यायचे. तुम्ही म्हणायचात खेळ जड होतोय. होऊ दे की जड! मला काय त्याचं! आठवडाभर मी मेल्यासारखी असायचे आणि रविवारी जिवंत व्हायचे. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही कात्री घेऊन बसला असतात.

भाऊजी: बसलो असतो. पण आधी मला पण नेलं असतंत तर? भाऊ होता तो माझा. मीही दोन रविवार ऐकलं असतं.

वहिनी: चुकलंच ते. तुमच्या वाट्याचे मी एकटीने ऐकले.

भाऊजी: जाऊ दे. एक सांगा. दादाच्या आवृत्तीत वाटाड्याला शेवटची पायरी होती. मला चांगली आठवते. ती कुठे गेली? मला वाटलं, तुम्ही पानं इकडची तिकडे करताना राहिली.

वहिनी: राहिली नाही. मी काढली.

भाऊजी: का?

वहिनी: तुम्हाला आठवते ना? म्हणा पाहू ती.

भाऊजी: ‘वाटाड्या सगळ्यांच्या शेवटी पोचतो आणि उंबरठ्याबाहेर थांबतो. सगळे सुखरूप असतील तर टेबलावरच्या एकाने त्याला म्हणायचं, जा. त्यानंतर तो पेशा संपतो आणि वाटाड्या खेळातून उठतो. कुणी म्हटलं नाही तर तो थांबून राहतो.’

वहिनी: ह्या एका शब्दावरून आमची किती भांडणं झाली असतील! मी म्हणायचे, अहो, दारातल्या माणसाला ‘जा’ कोण म्हणतं? शत्रूलासुद्धा आपण ‘या’ म्हणतो. तोंडातून निघणार नाही कुणाच्या. ते म्हणायचे, निघणार नाही म्हणूनच तो नियम आहे, दीडशहाणे. बाकी सगळं फासे करतात. एवढं एक माणसाने करायचं.

भाऊजी: आणि तो गेल्यावर तुम्ही तेवढंच खोडलंत. आणि त्याच्या जागी नव्या खिंडी घातल्यात, एकापुढे एक. चालत राहा म्हणून.

वहिनी: दवाखान्यात त्यांना शेवटचे दोन दिवस श्वास लागला होता. तुम्ही औषध आणायला गेला होतात. नर्स मला म्हणाली, काही खाऊन या, तुम्ही पडाल. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, थांबा हं. आलेच मी. थांबा. त्यांनी मान हलवली. मी खाली जाऊन उभ्याउभ्या काहीतरी गिळलं आणि वर आले तर...

भाऊजी: तो थांबला नव्हता, वहिनी.

वहिनी: मलाही तसंच वाटलं होतं. भाऊजी, मला वाटतं ते थांबले. मी सांगितलं म्हणून थांबले, आणि मग मी इतकी वर्षं त्यांना कुठे कुठे चालवलं.

भाऊजी: बसा. इकडे बसा तुम्ही, ह्या बाजूला.

वहिनी: काय करताय?

भाऊजी: तुमचाच वाटाड्या काढतोय, सगळे पर्याय भरलेला. इतके दिवस मी त्याला हात लावला नाही. भीती वाटायची, दुसरं काय. आता मी वाटाड्या होतो. तुम्ही सूत्रधार.

वहिनी: नको. डॉक्टरीणबाईचं काय झालं ऐकलंत ना?

भाऊजी: तिला कुठे माहीत होतं कोण आहे ते! मला माहीत आहे. माझा थोरला आहे तो. मला काय खाणार आहे? चालवा गोष्ट.

(भाऊजी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसतात. खिडकीबाहेर लख्ख ऊन.)

वहिनी: तुम्ही... तू शेवटची खिंड उतरून आलायस. खाली मुक्कामाचं घर आहे. दिवे लागलेत. तुझ्याबरोबरचे सगळे आत गेले. कुणी पडलं नाही, कुणी हरवलं नाही. तू दारात उभा आहेस. काय करतोस?

भाऊजी: मी पुढची खिंड निवडतो. ... वहिनी, मी आत जातो म्हणणार होतो. शप्पथ.

वहिनी: पुढची खिंड नाही. ती मी खोडली, आत्ता. तू दारातच आहेस. काय करतोस?

भाऊजी: चपला काढतो. थांबा, मला हे म्हणायचंच नव्हतं. पाय... वहिनी, इथे खाली काही आहे का हो? पाय गार पडलेत माझे. एकदम गार.

वहिनी: थांबवूया.

भाऊजी: नाही. चालवा.

वहिनी: तू दारात आहेस. आतून कुणीतरी बघतंय तुझ्याकडे. तुला काही बोलायचंय?

भाऊजी: पाणी प्यायलीस का?

वहिनी: भाऊजी, हे तुम्ही म्हणालात?

भाऊजी: मी तुम्हाला अगं-तुगं करेन का, वहिनी? मी काय म्हटलं? मी तर तोंड... पाणी प्यायलीस का गं?

वहिनी: प्यायले.

भाऊजी: जेवलीस?

वहिनी: हो. जेवले. तेव्हाच जेवायला गेले होते मी, अहो. मला यायला उशीर झाला.

भाऊजी: थांबलोय.

वहिनी: माहितीये.

भाऊजी: पाय दुखतायत गं, दीडशहाणे.

वहिनी: माझ्यामुळे. सगळं माझ्यामुळे. मला तुम्ही हवे होतात, म्हणून मी एकेक वाट जोडत गेले. संपू नये म्हणून. तुम्ही दमला असाल असं एकदाही मनात आलं नाही माझ्या. रागावलात?

भाऊजी: छे.

वहिनी: आणखी थोडं बोलता का? एवढंच. काहीही बोला.

भाऊजी: सगळे पोचले ना?

वहिनी: पोचले.

भाऊजी: धाकटा?

वहिनी: पोचला. समोरच बसलाय. तुमच्यापेक्षा शहाणा निघाला तो, फक्त सांगू नका त्याला.

भाऊजी: मग?

वहिनी: मला नाही जमत हो. तुम्ही हा नियम असा का केलात? बाकी सगळे नियम तुमचे कच्चे होते, प्रत्येकात मला भोक सापडायचं, आणि हाच एक इतका पक्का कसा केलात? ... सगळे सुखरूप आहेत. मी पण आहे. बरी आहे मी. तुम्ही आता थांबू नका. मी येत नाहीये. जा. ऐकलंत? जा तुम्ही.

भाऊजी: ...

वहिनी: अहो?

भाऊजी: वहिनी, तुम्ही रडताय का? काय झालं? मी काही बोललो का?

वहिनी: तुम्हाला काय आठवतंय?

भाऊजी: तुम्ही म्हणालात दारातच आहेस, आणि मग... पाय ऊबदार वाटतायत आता. घाम आलाय की मला. तो आला होता?

वहिनी: आला होता. तुमची चौकशी केली.

भाऊजी: माझी? काय म्हणाला?

वहिनी: धाकटा पोचला का म्हणाले.

भाऊजी: ... गाढव. लहानपणी शाळेतून येताना पण मागे वळून हेच विचारायचा. मी दोन पावलांवर असायचो.

वहिनी: ती जुनी पानं काढा. तीन प्रश्नांची. शेवटची पायरी जशीच्या तशी घाला, एक शब्द बदलायचा नाही.

भाऊजी: आणि तुमचे पर्याय? सगळे काढू? दोन-चार तर फार चांगले आहेत. ‘रस्ता माहीत नसताना माहीत असल्यासारखा चालतो’ हा तर पुढेमागे दुसऱ्या कुठल्या पेशाला लावता येईल.

वहिनी: नको. ते पर्याय नव्हतेच. एका माणसाचं वर्णन होतं ते, मी त्याचे तुकडे करून खेळणाऱ्यांना निवडायला दिले. त्यांना वाटायचं आपण निवडतोय. काढा सगळे.

भाऊजी: काढतो. पण पाठवायच्या आधी एकदा तपासून बघायला हवं. तुम्हीच करा एक. तीन प्रश्न. सोबत काय नेतो?

वहिनी: लोणी काढायची रवी... कुठून सुचलं हे? असू दे. रवी.

भाऊजी: कशाला भितो?

वहिनी: भिते. बाई आहे. कशाला भिते? गप्प बसायला. सारखी बडबड करते, वाटेतल्या दगडांशीसुद्धा.

भाऊजी: कुणाला मागे सोडून आली?

वहिनी: कुणाला नाही. घरात तिला सगळे कंटाळले होते, त्यांनीच सोडलं हिला. तरी खुशीत चाललीये बघा. ठेंगणी आहे, आणि पुढे चालण्यापेक्षा मागे बघून बोलण्यातच तिचा वेळ जातो. हिच्याबरोबर कोण जाईल, देव जाणे.

भाऊजी: मावशी जातील. ओळखीची वाटते का कुणी?

वहिनी: नाही. अजिबात नाही. कुठल्याच बाजूने कुणासारखी नाही ती.

भाऊजी: मग पाठवू पानं?

वहिनी: पाठवा. मी जरा तोंड धुऊन येते.